विमानांचा चौदावा नियम

उधना, सुरत
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

प्रिय रघुनाथराव,

सप्रेम नमस्कार. तुम्ही आणि घरची मंडळी बरी असाल असं धरून चालतो. आमच्याकडे ठीक आहे. सुधाचा गुडघा थंडीत कुरकुरत होता, आता थंडी सरली तर ऊन बाधतं म्हणते. गच्चीवर अजून संक्रांतीच्या मांजाचे गुंते पडले आहेत, ते उचलायचा मला कंटाळा.

उधन्याहून नवागामला रिक्षाने वीस मिनिटं लागतात. तरी मी पत्र लिहितोय, यावरून काय ते ओळखा. दोनदा निघालो होतो. एकदा तर तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो. तिथे तुमचा विकास कारखान्यातून येताना भेटला. "काका, घरी चला ना," म्हणाला. मी म्हटलं, दिंडोलीला जरा काम आहे. काम कसलं, डोंबल! पुढच्या चौकातून रिक्षा केली आणि घरी येऊन बसलो.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सूनबाई तुम्हाला पेपर वाचून दाखवते, हे मला ठाऊक आहे. पण हे पत्र मयुरीला देऊ नका. वेळ लागला तरी स्वतः वाचा.

अठरा जानेवारीच्या खेळाबद्दल लिहायचंय. तुम्ही तिथेच होतात, तरी पहिल्यापासून लिहितो, कारण तुम्हाला अर्धंच माहीत आहे.

आपला नकाशावरच्या लढाईचा खेळ दोन खोल्यांतला. हॉलमध्ये आपल्या रविवारच्या मंडळीतल्या अमितचा नकाशा, आतल्या खोलीत तुमचा, आणि दोन्हीकडचं बघणारा पंच एकटा मी. तुमची चिठ्ठी घ्यायची, वाटेत स्वयंपाकघराच्या ओट्यावर फासा टाकायचा आणि निकाल दोघांना सांगायचा. बारा वर्षांत माझा फासा बघायला कुणी उठून आलं नाही. सगळा कारभार विश्वासावर.

अमितचं पायदळ रस्त्याने पुलाकडे निघालं होतं. पुलावर तुमची एवढीशी चौकी. सातव्या डावाच्या आत पायदळ पोचलं की चौकी गेली. तुमच्या हातात तीन विमानहल्ले होते. मला वाटलं, तुम्ही ते अमितच्या रणगाड्यांवर खर्च करणार. तुम्ही तिन्ही चिठ्ठ्यांवर एकच लिहिलंत, 'रस्त्यावरचं पायदळ'.

माझ्या चाळीस पानी नियमावलीप्रमाणे विमानांनी पायदळाचं काहीच बिघडत नाही. नकाशावर जो मरत नाही तो चालतो, असं मी छाती काढून सांगायचो. दिवाळीपासून तुम्ही त्यावरून माझ्याशी भांडत होतात. "साहेब, इमान माणसं माराले येत नही, थांबाडाले येस," म्हणायचात. "उत्तराणला बघा. एक पतंग कटतो आणि अख्खा उधना रोड थांबतो. मेलं का कोणी?" सगळे हसायचे, मीही हसायचो. शेवटी त्या एका दिवसापुरता तुमचा नियम लावून बघायचं ठरलं. पाच किंवा सहा पडले तर पायदळ एक डाव जागच्या जागी थांबणार. मरणार कुणी नाही, नुसतं थांबणार.

पहिल्या हल्ल्याला फाशावर पाच पडले. मी येऊन सांगितलं, दोन.

दुसऱ्याला सहा पडले. मी सांगितलं, तीन. तिसऱ्यालाही सहाच पडले, आणि मी तुमच्या तोंडाकडे बघून सांगितलं, एक.

झालं लिहून. तीन आठवडे हे पोटात घेऊन हिंडतोय. सुधा तिथेच ओट्याशी तुमच्यासाठी हुरड्याचे पोंकवडे तळत होती. तिला आपल्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण सहा ठिपके मोजता येतात. "अहो, सहा पडले ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, "तू तुझी कढई बघ."  त्यानंतर ती सकाळचा चहा माझ्यापुरताच करते आणि कप जरा जोरात ठेवते.

का केलं, हे तुम्ही विचारणार नाही. तुमचा स्वभाव नाही तो. म्हणून मीच सांगतो. पुण्याच्या काही खेळवेड्या मंडळींनी माझी नियमावली मागवली होती. प्रस्तावनेत मी ठसक्यात लिहिलं होतं की पायदळावर विमानं सोडणं ही नुसती हौस. आणि आता ते खोटं कोण पाडणार, तर हजीऱ्याच्या एका कारखान्याच्या गेटवर वही सांभाळलेला माणूस? हो, रघुनाथराव, अगदी याच शब्दांत मनात आलं. मी पस्तीस वर्षं बँकेत पंख्याखाली बसलो. बंदूक फक्त आमच्या वॉचमनच्या खांद्यावर पाहिली. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस मी, आणि ज्याच्या डोक्यावरून खरी विमानं गेली त्याला विमानं शिकवत होतो. लिहितानासुद्धा कान तापलेत.

तुमची चौकी गेली. अमितने टाळ्या वाजवल्या. तिथे गप्प बसलो असतो तर लबाड पंच एवढंच झालो असतो. पण तुम्ही दारात येऊन म्हणालात, "असं होत नाही, साहेब." तेवढंच. आवाजही चढवला नव्हतात. आणि मी सगळ्यांसमोर बोललो, "विमानाने कुणी थांबत नसतं. जो थांबतो तो भित्रा."

तुम्ही चष्मा खिशात ठेवलात, चपला पायात सरकवल्यात आणि निघालात. सुधा वड्यांचा डबा घेऊन जिन्यापर्यंत आली, तुम्ही मागे वळला नाहीत. अमितला वाटलं, रघुनाथकाका हरले म्हणून रुसले. त्या खोलीत तो शब्द कुणाला लागला ते आपल्या दोघांनाच माहीत होतं.

इथे पेन खाली ठेवलं होतं. मधे भाजी आणून झाली, ती निवडूनही झाली. आता लिहितो.

मागच्या वर्षी उत्तराणच्या दुपारी आपण दोघेच गच्चीवर होतो, तेव्हा तुम्ही मला सांगितलंत. एकाहत्तर सालची लढाई. तुमचं वय वीस. दारूगोळ्याच्या गाड्यांबरोबर तुम्ही निघाला होतात. विमानं दोनदा येऊन गेली. एक माणूस मेला नाही, एक गाडी जळली नाही. पण तुम्ही सगळे रस्त्याकडेच्या चरात आडवे झालात ते झालातच. आकाश मोकळं झालं तरी अंग उठेना. गाड्या पुढच्या चौकीवर पोचल्या तोवर तिथल्या गोळ्या संपून गेल्या होत्या, आणि तुमच्या गावचा बळीरामही. तुम्ही पतंगांकडे बघत म्हणालात, "पन्नासच्या वर वर्षं झाली, साहेब. मी थांबलो का मला थांबवलं, हे मला अजून समजलं नाही." घरात कुणाला हे ठाऊक नाही, असंही म्हणालात. मी तुमच्या हातात पोंकची वाटी दिली आणि काहीतरी हवापाण्याचं बोललो.

म्हणजे दिवाळीपासून तुम्ही एका नियमासाठी भांडत नव्हतात. तुम्हाला एकदा ते पायदळ रस्त्यावर थांबलेलं बघायचं होतं, आणि कुणी त्याला नावं ठेवत नाही हेही बघायचं होतं. हे मला उशिरा कळलं असं लिहायचा फार मोह होतोय. पण नाही. ओट्यावर फासा टाकताना मला हे माहीत होतं. तो शब्द उच्चारताना तर माहीत होतंच. तुम्ही विश्वासाने जिथलं दुखणं दाखवलंत, नेमका तिथेच मी घाव घातला. माझी मलाच किळस येते.

काल रविवारी सगळ्यांना बोलावून फाशाचं सांगितलं. फक्त फाशाचं. बळीरामचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही, कधी निघणारही नाही. अमित हसला. "काका, जवा दो ने, गेम छे," म्हणत त्याने ते सोडून दिलं, चहा प्यायला आणि गेला. इतक्या स्वस्तात सुटलो. जनाची नाही तर मनाची तरी, म्हणतात. जनाची अशी चहाबरोबर संपली, मनाचीच तेवढी शिल्लक आहे, आणि ती काही उतरत नाही.

ते गेल्यावर मी एकट्याने नकाशा मांडला. पाच, सहा, सहा. पायदळ तीन डाव रस्त्यावर थांबलं. सातवा डाव संपला तेव्हा ते पुलापासून तीन घरं मागे होतं आणि तुमची चौकी उभी होती. सुधा पदराला हात पुसत येऊन बघून गेली.

मग नियमावलीतला चौदावा नियम खोडून नवा लिहिला आणि पुण्याला व अमितला तोच पाठवला. तुमच्यासाठी इथे उतरवतो: 'विमानांचा हल्ला झालेलं पायदळ एक डाव थांबेल. यासाठी फासा टाकू नये. थांबण्यात पायदळाचा दोष धरू नये.' अमितचा आज सकाळी फोन आला, शेवटच्या वाक्याने खेळात काय फरक पडतो म्हणून. मी म्हटलं, खेळात काही नाही, राहू दे तसंच.

रघुनाथराव, मी त्या रस्त्यावर नव्हतो. माझ्या निकालाने बळीराम परत येत नाही, आणि खोट्या पंचाच्या निकालाला किंमत ती काय? पण पन्नास वर्षांत तुम्ही हा प्रश्न ज्या एका माणसाला विचारलात, त्याने वर्षभर उत्तर दिलं नाही आणि दिलं ते असं दिलं. त्याचं खरं उत्तर गच्चीवरच तयार होतं, धीर झाला नाही. तुम्ही थांबला नव्हतात. तुम्हाला थांबवलं होतं.

वाचून झालं की पत्र फाडून टाका, विकासच्या हाती लागायला नको. मी तुमच्या दारात यावं की नाही, ते तुम्ही ठरवा. येऊ नको म्हणालात तर तेही बरोबरच आहे. सुधाने डबा घासून वेगळा ठेवलाय.

आणि यापुढे मला साहेब म्हणू नका.

तुमच्या चौकीचा गुन्हेगार,
जयंत