आजोबांच्या कोटाला तुझी चकती

प्रिय आई,

बर्फ, अंधार आणि मी, तिघंही इथे ओउलू शहरात मजेत आहोत. शाळेत शिकवून निघते तेव्हा काळोख असतो, पण सायकलला पुढे-मागे दिवे आहेत आणि जॅकेटला चमकत्या पट्ट्या. मी लांबूनच दिसते. खरंच काळजी करू नकोस.

काल नदीकाठच्या वाटेवर, जिथे चालणारे आणि सायकलवाले एकत्रच असतात, समोरून एक आजोबा ओरडले, "अगं पोरी, सूर्य घेऊन निघालीस का? खाली कर तो!"

मी दिवा खाली वळवला. त्यांचा कोट काळाकुट्ट, त्यावर रेडियमची एक चकती नाही. ते ओरडले नसते तर मी त्यांच्या अंगावरच गेले असते.

"आजोबा, चकती कुठाय?"

"मला कशाला? या वाटेवर मला सगळे ओळखतात."

आई, हे तर तुझंच वाक्य! तू दिलेली चकती मी माझ्या खिशावरून काढली आणि गुडघ्याशी लोंबेल अशी त्यांच्या कोटाला अडकवली. रागावू नकोस. "झालं माझं नाताळचं झाड," म्हणाले, पण काढली नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? सोबत दोन चकत्या पाठवते आहे. घरातली पहिली पदवीधर म्हणून नव्हे, पोटची पोर म्हणून सांगते, एक बाबांच्या आणि एक तुझ्या कोटाला लाव. पहाटे पेपर आणायला तू ज्या रस्त्याने जातेस, तिथून लाकडाचे ट्रक जातात. ते चालवणारे तुला ओळखत नाहीत.

लांबून दिसणारी,
तुझी हिल्ला