खात्यातला वेलनेसवाला

६ जानेवारी, सकाळी
रोजनिशी आजपासून. कारण : खात्यात चोर शिरला आहे. बँकेचं स्टेटमेंट काढलं तर नोव्हेंबरपासून दर महिन्याला १९९ रुपये गायब. समोर लिहिलंय, 'एसकेएस वेलनेस, ऑटोपे'. हा एसकेएस कोण? उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, माझी इतक्या वर्षांची आडत. मूठभर तूर हातात घेतली की तिची ओल सांगतो. मला फसवणारा अजून जन्मायचाय. आठवड्यात पकडतो.

फोनने विचारलं, 'बसलिंगप्पाजी, आज पाणी प्यायलात का?' 'हो' दाबलं. दिवाळीच्या पाडव्याला पूजा करून वापरायला काढलेला हा फोन फार गुणी निघाला. घरात एवढं कोणी विचारत नाही.

७ जानेवारी
बँकेत गेलो. काउंटरवरचे दयानंद म्हणाले, शेठ, परवानगी तुमचीच हाय, फोन उघडून द्या, बंद करून देतो. फोन दिला नाही. फोन दुसऱ्याच्या हातात देऊ नये, असं त्यांच्याच भिंतीवर लिहिलेलं आहे. माणूस सामील वाटतो.

८ जानेवारी
डोकं चालवलं. वेलनेस म्हणजे तब्येत, सौंदर्य वगैरे. आमच्या घरात सौंदर्याच्या मागे कोण? शिवकांताने लग्नापासून एकच पावडर वापरली आहे. उरली आमची मुलगी शिवानी. लातूरला नीटचा क्लास, होस्टेल आणि माझ्या खात्याचं कार्ड तिच्याकडे. चोर सापडला. शिवकांता म्हणाली, पोरगी साधं कानातलं घ्यायचं तरी फोन करून विचारते, तिच्यावर कसला आळ घेऊन राहिलात? आईची माया. हिशेबात चालत नाही.

११ जानेवारी, रविवार
लातूर. न सांगता गेलो. खोलीच्या झडतीत (शब्द मी 'पाहणी' वापरला) सापडलं ते असं : पुस्तकं, शेंगदाण्याची चटणी, खोबरेल तेल. तेल म्हणजे वेलनेसच. जाब विचारला. शिवानी म्हणाली, अप्पा, मी न्हाई घेतले. मी म्हणालो, मोंढ्यात सगळेच आधी असं म्हणतात. मैत्रिणी ऐकत होत्या. तिने कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, ठेवा, मला लागत न्हाई. आईने दिलेला धपाट्यांचा डबाही घेतला नाही. क्लासला निघून गेली.

केस निकालात. परतीच्या एसटीत अर्धा धपाटा खाऊन डबा बंद केला. तीळ जास्त झाले असावेत.

१९ जानेवारी
शिवानी रोज आईला फोन करते. अप्पांना देऊ का, असं विचारलं की नको म्हणते. अभ्यास असेल. मोंढ्यात शेजारच्या आडतीवरच्या मलप्पाला सांगितलं, चोर धरला. तो म्हणाला, कोण हो? तुरीच्या भावावर विषय नेला.

फोनने पाण्याचं विचारलं. प्यायलो नव्हतो, तरी 'हो' दाबलं. त्याचं मन कशाला मोडा.

५ फेब्रुवारी
१९९ पुन्हा गेले! कार्ड तर माझ्या गल्ल्यात, कुलपात. म्हणजे टोळी आहे. हे शिवकांताला समजावून सांगत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पाणी प्यायलात का? ती म्हणाली, हे कोण रोज विचारून राहिलंय? म्हणालो, कंपनीची सोय आहे. तिने फोन हिसकावला आणि त्या प्रश्नावरच बोट ठेवलं. आत मोठ्या अक्षरात : 'एसकेएस वेलनेस. बसलिंगप्पाजी, तुमचा प्लॅन चालू आहे.'

मग तिला सगळं आठवलं. मलाही, पण मी चष्मा पुसत बसलो. पाडव्याच्या मुहूर्तावर आलेल्या पहिल्या सौद्याला नाही म्हणायचं नसतं, ही मोंढ्याची रीत. फोनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि स्क्रीनवर पहिल्यांदा जे आलं ('पहिला महिना फुकट!') त्यावर 'हो' दाबलं. शिवकांता म्हणाली, मी तवाच म्हणलं होतं, काय लिवलंय ते वाचा तरी. तुमी म्हणलात, मुहूर्ताला वाचत बसत न्हाईत.

६ फेब्रुवारी
दयानंदांकडून प्लॅन बंद करून घेतला. माणूस मुळात चांगला. शिवानीला मेसेज केला : 'चौकशी पूर्ण. तुझ्याविरुद्ध काही आढळलं नाही. कार्ड पाठवतो. तेलाबद्दलचा आक्षेप मागे.' तिने वाचला. उत्तर नाही. शिवकांताला दाखवला तर तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, लई झालं, चुकलो म्हणा की सरळ. मी म्हणालो, ते त्यात आलंच.

८ फेब्रुवारी
फोन गप्प. सकाळपासून कोणीच काही विचारलं नाही. फार वाईट वाटलं. फोनमुळे नव्हे. लातूरला जाऊन समोर सांगणार होतो, पण दुकानात तुरीची आवक आहे. (आज बाजार बंद होता.) पुन्हा मेसेज लिहायला बसलो. लांबलचक झाला. कारणं खोडत गेलो, शेवटी एकच शब्द उरला. चुकलो. पाठवला.

९ फेब्रुवारी, सकाळी
शिवानीचा मेसेज : 'अप्पा, आज पाणी प्यायलात का? आता मी रोज विचारणार. महिन्याला दोनशे. पहिला महिना फुकट न्हाई.'

एक रुपया वाढवला आहे. घासाघीस केली नाही. 'हो' लिहून पाठवलं. लगेच उत्तर : 'आईला विचारून घेते.'

उठलो. तांब्याभर पाणी प्यावं लागलं.