सहा नव्हे, सात

अश्शूर नगर, नदीदरवाजाची गल्ली
किस्लीमू महिना, अकरावा दिवस

चिरंजीव नाबूलेई यास दम्काया अक्काचा आशीर्वाद. अश्शूर देव तुला राजवाड्यात सुखी ठेवो. आमच्याकडे सगळं ठीक. तिळाचं पीक बरं आलं, पावसाआधी छप्पर लिंपून झालं, तुझ्या दाजींचा गुडघा अजून दुखतो. हे पत्र किसिरबाबा लिहिताहेत. दात गेलेत, पण ओल्या मातीच्या पाटीवर त्यांचा हात अजून सरसर चालतो.

ठीक म्हटलं, कारण पत्राच्या सुरुवातीला तसं म्हणायचं असतं. तूच शिकवलंस मला. तुला रिवाज फार.

गेल्या महिन्यात देवळासमोर महाराजांचं देवाला धाडलेलं पत्र वाचून दाखवलं, उरार्तू राज्यावरच्या स्वारीचं. पत्र महाराजांचं आणि शब्द तुझे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मी पुढेच उभी होते. छान लिहितोस रे तू. डोंगर असे उभे केलेस की बायका माना वर करून बघायला लागल्या. शेवटी वाचणाऱ्याने आवाज चढवला. एवढ्या थोर स्वारीत आपले मेले किती? एक रथी, दोन स्वार, तीन शिपाई. सहा! आमच्या एका गल्लीत पाच घरांत रडारड चाललीय, नाबूलेई.

माझा इकीशा, ज्याला तू खांद्यावर बसवून नदीवर न्यायचास, तो त्या सहांत आहे का? शेजारचा उबारू त्याच्या बरोबरीने चालत होता. खिंडीत वरून दगड आले. तिथेच पुरलं म्हणाला, तेच दगड वर रचून. देह घरी आला नाही म्हणून मी त्याची लहानपणची कुऱ्हाड आतल्या खोलीत, जमिनीखाली पुरलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांशेजारी ठेवली. अमावास्येला त्याचं नाव घेऊन पाणी सोडत होते, तेवढ्यात भरतीचा नायक दारात.

"काय बाई, जिवंत माणसाला पाणी घालता?"

"मेलाय तो."

"मेले ते सहा. देवासमोर वाचलंय. देवाला काय महाराज खोटं सांगतील? तुमचा पळालाय. आणून उभा करा, नाहीतर त्याच्या जागी बाप येईल. महिनाअखेरपर्यंत."

"या बापाला उंबरठा ओलांडता येत नाही, डोळे फुटलेत का तुझे?"

"मग गाडीत घालून नेऊ," म्हणाला मेला. पाचही घरांत हेच सांगून गेला. आता गल्लीतली पोरं माझ्या नातवाला पळपुट्याचा म्हणतात.

मी तुला निरोप धाडला. तुझं उत्तर आलं: "अक्का, सहा हा रिवाजाचा आकडा आहे. दरवेळी तेवढेच लिहितात. सगळ्यांना ते माहीत असतं. देवाने ऐकलेलं आता बदलता येत नाही." सगळ्यांना म्हणजे कुणाला रे? नायकाला नाही, माझ्या सुनेला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि इथे माझ्या पोराला धड मरताही येईना.

आणि ही स्वारी झाली कशासाठी? तू लिहिलंस, देवाने आज्ञा केली. तू लिहिलंस, त्यांनी शपथ मोडली, त्यांचा राजा माजला होता. उबारूला विचार. म्हणतो, शहर पडल्यावर शपथेचं कुणी नाव काढलं नाही. आधी घोडे मोजले, मग तांबं, मग त्यांचा देव देवळातून उचलून गाडीवर बांधला. त्यांचे घोडे आपल्यापेक्षा उंच होते, त्यांच्या देवळात सोनं होतं, आणि आपल्या शेजारी आपल्याएवढा दुसरा कुणी आहे हे आपल्याला बघवत नव्हतं. एवढंच. शिवाय ज्याचं आसन घरातच डुगडुगतं, त्याला दर उन्हाळ्यात...

किसिरबाबा थांबले. म्हणतात, "पोरी, हे मी लिहिणार नाही. मला माझी बोटं हवीत." राहू दे. तुला कळलं.

माती वाळत चाललीय, म्हणून आता टाळत होते ते सांगते. तू पाठवलेला हंडा पोचला. उरार्तूचा, काशाचा, काठावर बैलाची डोकी. "अक्का, तुला हवा होता ना?" असं तू लिहिलंस. हो, हवा होता. इकीशाला जायचं नव्हतं. बदली माणूस द्यायची सोय होती, दाजी एक शेत विकायला तयार होते. मीच नको म्हटलं. मागल्या स्वारीतून उबारूच्या आईकडे असा हंडा आला होता, आणि पाच वर्षं ती तो अंगणात घासत होती, मला दिसेल असा. मी इकीशाला म्हटलं, "जा की, सगळ्यांचीच मुलं जातात. येताना मला हंडा आण." तो हसला आणि गेला. म्हणजे आपल्या महाराजांना जे झालं होतं तेच मलाही झालं होतं. तुझ्याइतकीच मीही रागाला पात्र आहे, पण मी ते देवाच्या नावावर खपवत नाही.

हंड्याच्या बुडाला ठिगळ आहे. आत कशाचा तरी वास अजून येतो. कुणीतरी रोज त्यात रांधत होतं.

तेव्हा ऐक. पाच नावं पाठवतेय: इकीशा आणि गल्लीतले चौघे. हे पाच स्वारीत मेले, असं लिही आणि त्यावर तुझी मुद्रा उमटवून नायकाला धाड. पुन्हा रिवाज सांगू नकोस. महिनाअखेरपर्यंत आलं नाही, तर हा हंडा डोक्यावर घेऊन मी देवळासमोर उभी राहीन, आणि तुझ्या सहांनंतरच्या सातव्याचं, माझ्या इकीशाचं, नाव मोठ्याने घेईन. तुझं पत्र देवाने ऐकलं. माझंही ऐकेल. लोकही ऐकतील. मग तुझ्या मानेचं काय होईल ते तू बघ. तुला अंगाखांद्यावर वाढवलं म्हणून आधी कळवतेय.

आशीर्वाद वर लिहिला आहे. इथे पुन्हा लिहवत नाही.

इकीशाची आई,
दम्काया