लिनिअर लॉजिक आणि आबांची हाक

बारामती, गुरुवार, संध्याकाळ

लिनिअर लॉजिक या तर्कशास्त्राच्या शाखेवर सोपं काही वाचायला शोधून वैतागले. शेवटी एक टिपण सापडलं. सुरुवातच अशी, की या तर्कात गोष्ट एकदा वापरली की संपते. अरे, हे तर आमच्या गावचं, वरकुट्याचं पाटाचं पाणी! पाण्याची पाळी आली की वडील, आमचे आबा, वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला बांधावरून हाक मारायचे, "पोरी, दारं धरायला यं! उसाला गेलं त्ये पाणी कांद्याला न्हाय मिळायचं."

पुढं लिहिलंय, जी हवी तितक्या वेळा वापरता येते त्या गोष्टीआधी उद्गारचिन्ह लावतात. आबांच्या हाकेआधी मी ते कधीच लावून टाकलं होतं. का? रोज यायची म्हणून?

आबा गेले. मघाशी भावाचा फोन आला, पाटाला पाणी सुटलंय. दारं धरायला ये, असं काही तो म्हणाला नाही.