फियाट कुठून वाजते

४ नोव्हेंबर
आज पुन्हा वाजली. पेठेतून निघेपर्यंत गप्प, आणि मोठ्या रस्त्याला लागल्यावर खडखड खडखड, डाव्या अंगाने. शेजारी हे कान टवकारून बसलेले. स्वारगेटच्या सिग्नलला दार उघडून उतरायलाच लागले! "सुटलंय काहीतरी. थांबा." मागे बसवाल्याचा हॉर्न. हात धरून आत ओढलं. घरी येऊन चहा केला. साखर घातली की नाही, आठवत नाही. प्यायलो दोघंही.

५ नोव्हेंबर
चाळीस वर्षं ह्यांनी लोकांच्या गाड्या ऐकल्या. गाडी गॅरेजात शिरायच्या आधी सांगायचे, काय बिघडलंय. आता माझं नाव सांगता येत नाही. पण संध्याकाळी फियाटमधून एक चक्कर झाली की शांत जेवतात, झोपतात. नाही झाली की दारं बडवत बसतात.

अस्मिताचा फोन. "आई, हडपसरच्या पुढची ती संस्था बाबांसाठी चांगली आहे गं. एक जागा झालीय. महिनाअखेर कळवायचंय." बघू म्हटलं. लेक आहे, काळजीने बोलते.

आवाज सापडला तर चक्कर चालू राहील. चक्कर चालू राहिली तर हे घरी राहतील. एवढंच आहे.

६ नोव्हेंबर
माझं शिक्षण सातवी. गाडी बावन्नाव्या वर्षी शिकले. आणि पाना धरायला ह्यांच्या शेजारी उभं राहून. शिकवायचे कुठले! "बॅटरी नीट धर" एवढंच. धरता धरता कळलं.

आज डिकी रिकामी केली. स्टेपनी, जॅक, जुनी चादर, सगळं बाहेर. वाजतेच.

९ नोव्हेंबर
बॉनेटच्या बिजागरीचा नट सैल होता. आवळला. आवाज गेला! रात्री दोन पोळ्या खाल्ल्या ह्यांनी.

१० नोव्हेंबर
पुन्हा. आता मागून.

१३ नोव्हेंबर
सायलेन्सरची पट्टी आवळली की दार, दार आवळलं की बंपर. केरसुणी घेऊन उंदरामागे धावावं तसं चाललंय. अस्मिता विचारते, "तू कशी आहेस?" बरी आहे म्हटलं. खरंच, दुखत कुठेच नाही. दात काढायच्या आधी सुई देतात ना, गाल आपला वाटत नाही — तसं.

१६ नोव्हेंबर
दिगंबरकडे नेली, हडपसरला. ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला, आता स्वतःचं गॅरेज आहे. ह्यांच्या पाया पडला. हे म्हणाले, "कोण पाहिजे आपल्याला?" तो हसला, मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, इतके नट आपोआप ढिले होत न्हाईत. नटावर रंगाची रेघ मारून ठिवा. रेघ हलली की समजा, हाच फिरला."

घरी रंग कुठला? देवापुढचं कुंकू तेलात कालवलं आणि काडीने रेघा ओढल्या. फियाट अगदी सवाष्ण दिसायला लागली.

१७ नोव्हेंबर
दुपारी डोळा लागला. उठले तर ह्यांच्या अंगठ्याला कुंकू! म्हटलं, आज देवाजवळ गेले वाटतं. बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. अंगठा पुसलासुद्धा नाही. संध्याकाळी चक्कर मारली. फार वाजली.

१८ नोव्हेंबर
देव पुसताना लक्षात आलं, करंडा मी परवाच वरच्या फळीवर ठेवलाय. ह्यांचा हात तिथे पोचत नाही.

दुपारी झोपल्याचं सोंग केलं. हे उठले, कपाटामागून पाना काढला, खाली गेले. मी गॅलरीतून पाहिलं. गाडीपाशी उकिडवे बसले. नट सैल केला, कान लावला, हात लेंग्याला पुसला, पुढच्या नटाकडे सरकले. परत आवळायचं राहूनच जातं. चेहरा मात्र — गॅरेजातला. हाक मारवली नाही.

हे वर आल्यावर मी खाली गेले. मागच्या चाकाचे तीन बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत होते. तुटलेल्या रेघांवर रस्त्याची धूळ बसली होती, म्हणजे कालचेच सैल. काल ह्याच चाकावर स्वारगेटला वळले मी. हे शेजारी होते.

२१ नोव्हेंबर
पाने कुलपात ठेवले. आज नखांनीच नट फिरवत बसले होते. नख उचकटलं. पट्टी बांधली. रक्ताने भिजलेला कापूस बघत राहिले.

अस्मिताला कळवलं, हो म्हणून.

३० नोव्हेंबर
सोडून आलो. अस्मिताच्या गाडीतून. सही केली. परत येताना ती रडत होती. तिच्या पाठीवर हात फिरवला.

८ डिसेंबर
भेटायला गेले होते. भिंतीकडे तोंड करून बसतात. भरवलं तर खातात. तिथली मुलगी अक्षता, गुणी पोर आहे. म्हणाली, "आजी, बाबा आल्यापासून एक शब्द बोलले नाहीत हो."

घरी येऊन नट तपासले. एकही रेघ हललेली नाही. फियाट आता वाजत नाही.

१५ डिसेंबर
सकाळी निघण्याआधी पुढच्या बंपरचे दोन नट मीच सैल केले. संस्थेच्या फाटकापर्यंत खडखडत गेले. हे अंगणात बाकावर होते. उठले! गाडीभोवती फिरले, बंपरवर हात ठेवला, वाकून कान लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गाडी ठेवून जा बाई. उद्या या."