लाल डोळ्याचा फोटो

तीर्थरूप आईस बेळगावहून गोकुळदासचा नमस्कार.

इथे इस्पितळात जेवण बरं मिळतं, डोळ्यात थेंब तासातासाला घालतात, काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे?

काल मशीनवर हनुवटी टेकवून माझ्या लाल डोळ्याचा अगदी जवळून फोटो काढला. पाहून शिसारी आली. बाहुली उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. आतल्या सुजेने तिची कड मागच्या भिंगाला चिकटली आहे. डॉक्टरीण म्हणाली, दारूशी याचा संबंध नाही, पण यायला उशीर केलात.

डोळा लाल म्हणजे मी फेणी पितो, असं ठरवून बाबांनी मला पेडण्याला डॉक्टरकडे न्यायचं सोडून देवळात उभं केलं. देवळाच्या मानकरी गावकरांनी माझी दारू सुटण्यासाठी देवाला गाऱ्हाणं घातलं आणि सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणाले. अजून किळस येते.

फोटो सोबत आहे, बाबांना दाखव. त्या ‘होय म्हाराजा’त तुझा आवाज मला ओळखू आला होता, आई.

तुझाच,
गोकुळदास