बिब्ब्याचे डाग

हैदराबाद, दवाखाना

चिरंजीव तातेराव यास थोरल्या भावाचा आशीर्वाद.

आईचा खोकला बसला का? तुझ्या घरचीचे दिवस भरत आले असतील, तिला जड उचलू देऊ नको. तांबडा बैल कसा आहे? त्याला मारू नको. त्यानं माझ्या गुडघ्यावर लाथ झाडली खरी, पण गांधीलमाशी त्याला चावली होती.

मी बरा आहे. इथली खिचडी आळणी असते, पण पोटभर मिळते.

गुडघ्याचं मात्र लांबून राहिलंय. आत वाटी फुटली, ती ऑपरेशन करून तारेनं बांधायची होती. पण आपण घरी बिब्ब्याचे डाग दिले, ते चिघळले. पिकल्या कातडीवर सुरी चालवता येत न्हाई, असं डॉक्टर म्हणतात. तू मनाला लावून घेऊ नको. आपल्याकडं दुखऱ्या गुडघ्याला सगळेच बिब्बा लावतात.

काल ताप चढला. ताप उतरला न्हाई तर पाय मांडीतून काढावा लागेल म्हणतात. घरचे राजी आहेत का, इचारून राहिले. मी म्हणलो, भावाला इचारतो.

आईला हे वाचून दाखवू नको. एका पायाच्या माणसाला जन्मभर सांभाळशील का, खरं ते सांग. पण लवकर लिही.

तुझा दादा,
रामकिशन